हनुसंधीची वेदना आणि तिचे शमन

(मठाच्या वर्धापन महोत्सवानिमित्त वास्को येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





महोत्सवाच्या या व्याख्यानमालेत आजवर थोर विद्वानांनी गहन विषयांवर विवेचन केले. त्यांच्या पंक्तीत बसून मी जबड्याच्या सांध्याविषयी बोलणार, हे ऐकून आपणांपैकी काहींच्या मुखावर स्मित उमटलेले मी पाहिले. ते स्मित मला मान्य आहे. मी वैद्य नव्हे, डॉक्टर तर नव्हेच. संस्कृत पाठशाळेत मुलांना संथा देणारा मी एक साधा अध्यापक. तथापि ज्या अवयवाच्या आधारावर माझा व्यवसाय, माझे पाठांतर आणि माझी सेवा उभी आहे, तोच अवयव तीन वर्षांपूर्वी माझ्यावर रुसला. त्या काळात मी ज्या चुका केल्या, त्या आपण करू नयेत, एवढ्याच हेतूने हे निवेदन आहे.

प्रथम एका देवतेचे स्मरण करू. हनु म्हणजे जबडा. या शब्दाला मतुप् प्रत्यय लागून हनुमान् हे नाव सिद्ध होते. बालपणी सूर्याकडे झेप घेणाऱ्या मारुतीवर इंद्राने वज्र टाकले व त्याची डावी हनु भंगली, ही वाल्मीकिरामायणातील कथा आपणांस ठाऊक आहेच. अतुल बलाच्या देवतेस तिच्या दुखावलेल्या जबड्यावरून नाव मिळावे, याचे मला लहानपणी नवल वाटे. आता वाटत नाही. जबडा दुखावला म्हणजे बळ कोठे जाते, ते मी अनुभवले आहे.

आता या सांध्याची रचना थोडक्यात पाहू. आपले बोट कानाच्या पुढे, पाळीच्या किंचित वर ठेवा आणि तोंड हळूच उघडा. बोटाखाली काही तरी सरकल्यासारखे जाणवेल. तोच हनुसंधी. खालच्या जबड्याचे हाड घोड्याच्या नालासारखे वाकलेले असते आणि त्याची दोन्ही गोल टोके कानशिलाच्या हाडातील खोबणीत बसतात. मध्ये एक लहानशी, चिवट गादी असते. तोंड उघडू लागताच ही टोके प्रथम दाराच्या बिजागरीप्रमाणे फिरतात आणि नंतर गादीसह पुढे घसरतात. फिरणे आणि घसरणे, या दोन्ही गती एकाच सांध्यात आहेत. शिवाय हाड एक आणि सांधे दोन, म्हणून एका बाजूस न हलविता दुसरी हलविता येत नाही. पालखीच्या दांड्याखालच्या एका भोयाचा पाय मुरगळला, तर दुसऱ्या बाजूच्या भोयाचा खांदाही दुखणारच. त्यातला हा प्रकार आहे.

या सांध्याला हलविणारे स्नायू फार बलवान असतात. गालात एक असतो. दात आवळले की तो हाताला टणक लागतो. दुसरा कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला असतो. आणखी दोन आत खोल असतात. यांना थकवा आला, त्यांत गाठ धरली किंवा ती गादी आपल्या जागेवरून सरली, म्हणजे वेदना सुरू होते. ती कधी कानात जाणवते, कधी दाढेत, कधी कानशिलावर, कधी मानेत. म्हणूनच रोगी कधी कानाच्या डॉक्टराकडे जातो, कधी दाताच्या, आणि कधी डोकेदुखीची गोळी घेऊन घरीच बसतो. निरोगी प्रौढाचे तोंड साधारणतः चाळीस ते पन्नास मिलिमीटर उघडते; म्हणजे आपल्याच हाताची मधली तीन बोटे उभी जाऊ शकतात. हे माप ध्यानात ठेवावे. पुढे ते उपयोगी पडेल.

आता माझी कथा. मी मूळचा डिचोलीकडचा. पाठशाळेच्या निमित्ताने वास्कोत स्थायिक झालो. आमचा वर्ग भरतो त्या खोलीशेजारून अवजड वाहनांचा रस्ता जातो. बंदराकडे जाणाऱ्या ट्रकांचा गडगडाट आणि मधूनच आगगाडीची शिटी, यांच्यावर आवाज चढवून मी रोज चार-चार तास संथा देत असे. त्याच वर्षी वडील अंथरुणास खिळले. रात्री त्यांच्या उशाशी बसून मी पोथी वाची, आणि वाचता वाचता दात घट्ट आवळून धरी. हे मला तेव्हा कळत नव्हते. पत्नीने दोन-तीनदा सांगितले की, झोपेत तुम्ही दात खाता. आमच्याकडे मुलांनी दात खाल्ले की जंत झाले असे म्हणतात. तिने मला जंताचे औषध आणून दिले. मी ते मुकाट्याने घेतलेही. या समजुतीला भक्कम आधार नाही, हे मला पुढे समजले.

श्रावण आला. नागपंचमीनंतर आपल्या वास्कोत श्रीदामोदराच्या भजनी सप्ताहाची केवढी धामधूम असते, हे येथे सांगावयास नको. अखंड भजन चालू होते. मी आपल्या पाराच्या वेळी गायलो, मग जत्रेतून खाजे घेतले आणि एक तुकडा दाढेखाली घातला. खाजे किती कठीण असते ते आपण जाणताच. कानाजवळ कट् असा आवाज झाला, आणि त्यानंतर तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. दुसऱ्या दिवशी वर्गात आकार उच्चारताना डोळ्यांत पाणी आले. मुले गोंधळली. त्यांतील धाकट्याने विचारले, "गुरुजी, दातखीळ बसली?" मुले हसली. मीही हसण्याचा यत्न केला, पण हसण्यापुरतेसुद्धा तोंड उघडेना.

यानंतर मी जे केले ते अत्यंत अविचाराचे होते. वेदना खालच्या डाव्या दाढेत जाणवते, म्हणून मी एका खाजगी दवाखान्यात गेलो आणि दाढ काढा, असा आग्रह धरला. तेथील दंतवैद्यांनी दाढ काढली. मी सांगितले आणि त्यांनी ऐकले, दोष दोघांचा. दाढ निरोगी होती. वेदना जशीच्या तशी राहिली. मग दुसऱ्या एका ठिकाणी मला सांगण्यात आले की, आपले वरचे व खालचे दात नीट जुळत नाहीत. ते घासून सारखे केले पाहिजेत आणि पुढे काहींवर टोप्या बसवाव्या लागतील. खर्च माझ्या वर्षभराच्या मानधनाहून अधिक होता. सुदैवाने पैसे नव्हते. आयुष्यात दारिद्र्याने माझ्यावर केलेल्या थोड्या उपकारांपैकी हा एक होय.

येथे थोडा इतिहास सांगणे इष्ट आहे. इ. स. १९३४ मध्ये अमेरिकेतील सेंट लुई येथील जेम्स कॉस्टेन या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी अकरा रुग्णांवरून असे मत मांडले की, मागच्या दाढा गेल्यामुळे जबडा अधिक मिटतो, सांध्यावर दाब येतो आणि त्यातून कानाची व डोक्याची दुखणी उद्भवतात. हे मत पुढे मागे पडले; परंतु दातांची जुळणी सुधारली की सांधा बरा होतो, ही कल्पना अनेक दशके टिकली. तिच्यापायी असंख्य लोकांचे चांगले दात घासले गेले. आजचे शास्त्र सांगते की, या वेदनेचे कारण बहुधा एक नसते. स्नायूंचा ताण, आघात, झोप, चिंता, शरीराची वेदना सोसण्याची घडण, अशी अनेक कारणे एकत्र येतात.

आपल्या प्राचीनांनीही या सांध्याचा विचार केला होता. वाग्भटाने जबडा निखळण्याच्या कारणांत जीभ फार खरवडणे, कोरडे पदार्थ खाणे व आघात यांची गणना केली आहे. चरकसंहितेच्या वातव्याधीच्या अध्यायात उघडाच राहिलेला जबडा बसविण्याची रीत आहे: आधी शेक द्यावा, मग अंगठ्यांनी जबडा दाबावा आणि तर्जनींनी हनुवटी वर उचलावी. सुश्रुताने निखळलेला जबडा शेकून, बसवून वर पंचांगी नावाचा बंध बांधण्यास सांगितले आहे. ग्रीक वैद्य हिपोक्रातीसच्या परंपरेतील ग्रंथांतही जवळपास हीच रीत आढळते, आणि निखळलेला जबडा आजचे डॉक्टरही बहुतांशी अशाच रीतीने बसवितात. मात्र हे काम जाणकाराचे आहे. ग्रंथ वाचून कोणी घरी करू पाहू नये.

असो. अखेर एका स्नेह्याच्या सांगण्यावरून मी जुवारीचा पूल ओलांडून बांबोळीस गोवा दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेलो. १९८० साली स्थापन झालेली ही सरकारी संस्था आपणां सर्वांस सुपरिचित आहे. तेथे मला तपासणाऱ्या डॉक्टर वयाने माझ्याहून लहान होत्या. त्यांनी प्रथम पट्टीने माझे तोंड मोजले: सव्वीस मिलिमीटर. मग गाल व कानशिले दाबून पाहिली. मग पुष्कळ प्रश्न विचारले. झोप कशी लागते? घरी कोणी आजारी आहे काय? सुपारी खाता काय? शेवटी त्या म्हणाल्या, "गुरुजी, आता वाचत होतात तसेच मनात काही म्हणत बसा." मी मनात विष्णुसहस्रनाम सुरू केले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "तुमचे दात आता एकमेकांना टेकलेले आहेत की नाहीत?"

टेकलेले होते. नव्हे, आवळलेले होते.

तेव्हा त्यांनी सांगितले की, जेवण व गिळणे यांखेरीज दात एकमेकांस टेकण्याचे कारणच नाही. अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणे निरोगी माणसाचे दात सबंध दिवसात एकूण वीसेक मिनिटेच परस्परांस भिडतात. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला हलकेच लागलेली, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती होय. मी तर दात टेकवून ठेवणे म्हणजेच तोंड मिटणे समजत आलो होतो. पस्तिशी जवळ आलेल्या, वर्णोच्चारांची स्थाने मुलांना शिकविणाऱ्या माणसास आपल्याच तोंडात काय चालले आहे ते ठाऊक नव्हते!

उपचार दोन अंगांनी झाला: एक स्प्लिंट आणि दुसरा घरचा अभ्यास.

स्प्लिंट म्हणजे दातांवर चपखल बसणारी, पारदर्शक कठीण अ‍ॅक्रिलिकची टोपी. दातांचे माप घेऊन, त्याचा ठसा ओतून ती प्रत्येकासाठी वेगळी घडविली जाते. ती रात्री झोपताना घालावयाची. तिचा पृष्ठभाग सपाट असतो, त्यामुळे खालचे दात तिच्यावर सारखे टेकतात, अडकत नाहीत. आणि रात्री दात खाल्ले तरी झीज दातांची न होता स्प्लिंटची होते. ती सर्व दातांना झाकणारी असली पाहिजे. काहीच दातांना झाकणारी टोपी फार काळ वापरली, तर उरलेले दात हळूहळू आपली जागा सोडतात. ती बसविल्यावर दोन-तीनदा डॉक्टरांकडून घासून नीट करून घ्यावी लागते. थंड पाण्याने धुवावी. उकळत्या पाण्यात टाकली तर तिचा आकार बिघडतो. दुकानात मिळणारे मऊ रबरी संरक्षक स्वस्त असतात, पण ते चघळत राहण्याची काहींना सवय लागते, असे मला बजावण्यात आले.

आता घरचा अभ्यास. तो सांगतो, कारण त्याला पैसा लागत नाही. चिली देशातील मारियानो रोकाबादो या भौतिकोपचारतज्ज्ञांनी सहा व्यायाम, प्रत्येक सहा वेळा, दिवसातून सहा वेळा, असा क्रम प्रचलित केला आहे. मला शिकविलेला क्रम त्यावरूनच घेतलेला होता.

पहिला अभ्यास जिभेच्या विश्रांतीचा. 'न' हा वर्ण उच्चारण्यासाठी जिभेचे टोक जेथे जाते, वरच्या दातांच्या किंचित मागे, तेथे ते हलकेच ठेवावे. ओठ मिटावेत, दात सुटे ठेवावेत आणि नाकाने सहा संथ श्वास घ्यावेत. दुसरा, जिभेचे टोक टाळूस लावूनच तोंड उघडावे व मिटावे. जीभ वर असल्याने तोंड फार उघडत नाही आणि सांधा घसरण्याऐवजी केवळ फिरतो. हाच त्यातील हेतू. आरशासमोर बसून हनुवटी एका बाजूस वळत नाही ना, हे पाहावे. तिसरा, दोन बोटे हनुवटीखाली ठेवून तोंड किंचित उघडू पाहावे आणि बोटांनी हलका विरोध करावा. तसेच उजवीकडे व डावीकडे. विरोध फुलाच्या भाराएवढा असावा, कुस्तीचा नव्हे. चौथा, मान ताठ ठेवून हनुवटी किंचित आत घ्यावी, जणू डोक्याला वरून कोणी दोरीने उचलले आहे. पाचवा, खांदे मागे व खाली आणावेत. सहावा, हात मानेमागे गुंफून मान स्थिर ठेवावी व डोके तेवढे हलकेच पुढे झुकवावे.

याखेरीज दिवसातून दोनदा, पंधरा-वीस मिनिटे, कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याचा शेक गालांवर द्यावा आणि शेकानंतर बोटांच्या टोकांनी गालातील स्नायू वर्तुळाकार चोळावा. सर्व व्यायामांचा एकच नियम: वेदनेच्या अलीकडे थांबावे. दुखवून सांधा मोकळा होत नाही.

आहारात काही आठवडे मऊ अन्न घ्यावे. आपल्या गोव्यात उकड्या तांदळाची पेज असताना याची चिंता करावयास नको. खाजे, फुटाणे, ऊस, कडक लाडू, चिवट मांस हे टाळावे. घास लहान घ्यावा. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरावी. दूरध्वनी खांदा व कान यांमध्ये दाबून बोलू नये. हात गालाखाली घेऊन निजू नये. मांडीवर पोथी ठेवून मान वाकवून तासन् तास वाचणाऱ्या आम्हां शास्त्रीमंडळींनी पोथी उंच लाकडी आसनावर ठेवावी. मी तर वर्गातील घड्याळावर व पोथीच्या पुठ्ठ्यावर कुंकवाचा एकेक ठिपका लावला. ठिपका दिसला की दात सुटे आहेत ना, हे पाहावयाचे. पहिल्या आठवड्यात जवळजवळ प्रत्येक वेळी ते आवळलेलेच असत. महिन्याभरात निम्म्या वेळा सुटे आढळू लागले.

चार महिन्यांत तीन बोटे तोंडात जाऊ लागली. मी स्प्लिंटचा जयजयकार करू लागलो. जो भेटेल त्याला तिचे गुण सांगे. पुढे उत्सवासाठी तीन आठवडे परगावी जाणे झाले आणि स्प्लिंटची डबी वास्कोतच विसरली. घाबरलो, पण व्यायाम व शेक चालू ठेवले. वेदना परतली नाही. परत आल्यावर मी डॉक्टरांना हे कबूल केले. त्या रागावतील असे वाटले होते. त्या म्हणाल्या, "गुरुजी, बरे झाले विसरलात. आता आपल्या दोघांनाही काही कळले."

मग त्यांनी सांगितले ते मी आपणांसमोर जसेच्या तसे ठेवतो, कारण सत्य लपवून औषधाची कीर्ती वाढविणे मला मान्य नाही. २०२३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकाने जबड्याच्या जुनाट वेदनेसाठी एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. शिक्षण, धीर देणे, घरचे व्यायाम, तज्ज्ञाच्या देखरेखीखालील जबड्याचे व्यायाम, हाताने केलेले स्नायूंचे उपचार आणि मनाचा ताण हाताळण्याची पद्धतशीर शिकवण, यांची तिने जोरदार शिफारस केली आहे. काढता-घालता येणाऱ्या स्प्लिंटच्या बाजूने मात्र तिने कौल दिला नाही. वेदना कमी होण्याच्या दृष्टीने तिचा लाभ पुरेसा सिद्ध होत नाही, म्हणून सौम्यपणे विरुद्धच मत दिले आहे. आणि दातांची रचना कायमची बदलणाऱ्या उपायांस तर ठाम विरोध केला आहे. स्प्लिंटने दातांची झीज थांबते, हा तिचा वेगळा उपयोग आहेच. आणि मी आजही ती त्यासाठी अधूनमधून घालतो. परंतु वेदना तिनेच गेली, असे मी आता म्हणत नाही.

आम्ही पाठशाळेत काकतालीय न्याय शिकवितो. कावळा ताडावर बसला आणि त्याच क्षणी फळ पडले, म्हणून कावळ्याने फळ पाडले असे ठरत नाही. अन्वय आणि व्यतिरेक, दोन्ही पाहावे लागतात: जे असताना कार्य घडते ते पाहावे, आणि ते नसतानाही कार्य घडते काय हेही पाहावे. दुसऱ्यांच्या वादात हा न्याय मी शेकडो वेळा लावला असेन. स्वतःच्या दुखण्यास लावण्यासाठी मला एक डबी विसरावी लागली.

आणखी एक गोष्ट सांगताना मला लाज वाटते. माझे हे व्यायाम चालू असताना एके रात्री आई म्हणाली, "मलाही ते दाखव." चौकशी केली तेव्हा कळले की, तिचा जबडा कित्येक वर्षे दुखत होता. ती रात्री नेहमी पेजच घेई. तिला पेज आवडते, असे आम्ही सगळे समजत होतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय दंतसंशोधन संस्थेच्या मते शंभरांपैकी पाच ते बारा जणांस ही व्यथा असते, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांस ती अधिक होते. म्हणजे या सभागृहातही ती अनेकींना असेल. ज्या घरात पुरुषाची दाढ दुखली की सारे घर जागते, त्याच घरात बाई मुकाट्याने भात मऊ शिजवून घेते. आईला मी बांबोळीस नेले. तिला स्प्लिंट दिली नाही. शेक, व्यायाम आणि मऊ आहार एवढेच सांगितले. तिला पुष्कळ आराम पडला आहे. माझ्या मते या सर्व प्रकरणातील माझी खरी प्राप्ती हीच.

आता सावधगिरीच्या सूचना. या ऐकल्यावाचून कोणी घरी जाऊ नये. जबड्याची प्रत्येक वेदना हनुसंधीची नसते. सुपारी, गुटखा किंवा मावा खाणाऱ्याचे तोंड हळूहळू कमी उघडू लागले, तिखट झोंबू लागले, गाल आतून पांढुरके व कडक लागू लागले, तर तो तोंडातील अंतस्त्वचेचा आकसण्याचा रोग असतो आणि त्यातून कर्करोग उद्भवू शकतो. अशा वेळी व्यायाम करीत दिवस घालवू नयेत. सुपारी त्या दिवशी सोडावी आणि रुग्णालय गाठावे. जखमेनंतर जबडा घट्ट बसला, तर धनुर्वाताची शंका घ्यावी. चालताना किंवा श्रमाने जबड्यात कळ येऊन छाती दाटली, घाम फुटला, तर तो हृदयाचा विकार समजून तत्काळ धावावे. पन्नाशीनंतर चावताना जबडा दुखू लागला, कानशील हुळहुळे झाले आणि दृष्टी अंधुक होऊ लागली, तर एक दिवसही थांबू नये, कारण त्या विकारात डोळे कायमचे जाऊ शकतात. ताप, सूज, गालास बधिरता, हीही डॉक्टरांकडे जाण्याचीच लक्षणे आहेत. उलट, वेदनेविना नुसती कट्कट होत असेल तर भिऊ नये. ती पुष्कळांस असते आणि तिला उपचार लागत नाही. माझा जबडाही अद्याप वाजतो.

समारोपापूर्वी पुन्हा माझ्या शास्त्राकडे वळतो. तैत्तिरीय प्रातिशाख्यात अकाराच्या उच्चाराविषयी सांगितले आहे की, ओठ व हनू फार जवळ आणू नयेत आणि फार दूरही नेऊ नयेत. पाणिनीय शिक्षेत पाठकाच्या दोषांची यादी आहे. तीत दष्ट, म्हणजे दातांत चावून केलेला उच्चार, आणि निष्पीडित, म्हणजे दाबून केलेला उच्चार, हे दोन्ही आहेत. त्याच ग्रंथात वाघिणीचा दृष्टान्त येतो. वाघीण आपल्या पिलास दाढांत धरून नेते. ते पडू नये एवढे धरते, पण त्याला दात लागू देत नाही. तसे वर्ण उच्चारावेत. हा दृष्टान्त मी बारा वर्षे शिकवीत आलो. वाघिणीच्या दाढांतील बळ मी मुलांना समजावून सांगे, तिची मृदुता मात्र माझ्या स्वतःच्या तोंडात नव्हती. मी ट्रकांशी स्पर्धा करीत वर्ण चावीत होतो.

आता वर्गाची खिडकी रस्त्याच्या बाजूने बंद असते. मुले माझ्याभोवती अर्धवर्तुळात जवळ बसतात आणि मी हळू बोलतो. प्रत्येक पाठाच्या आरंभी व शेवटी आम्ही सगळे मिळून सहा श्वास घेतो: जीभ टाळूला, ओठ मिटलेले, दात सुटे. पेडणे व डिचोलीकडून आलेली लहान मुलेही ते हसत हसत करतात. दातखिळीविषयी विचारणारा तो धाकटा आता कोणाचे दात आवळलेले आहेत ते पाहत फिरतो आणि पहिल्यांदा मलाच पकडतो.

वडील गेल्या वर्षी निवर्तले. त्या रात्रीही मी दात आवळले होते, हे मला ठाऊक आहे. दुःखात माणूस दात आवळणारच. मात्र सकाळ झाली की ते सोडावयाचे असतात. एवढेच मी शिकलो आणि एवढेच आपणांस सांगावयाचे होते.

 आता कृपा करून क्षणभर पाहा: आपले दात टेकलेले आहेत काय? असतील तर सोडा.

श्रीगुरुचरणार्पणमस्तु.